नांदेडचे नियम, लातूरचे नवरदेव

बुधवार, १८ डिसेंबर २०२४

मन्मथभाऊजींनी आडतीवरून आणलेली फुकटची डायरी वर्ष सरत आलं तरी कोरीच पडली होती. एवढा गुळगुळीत कागद वाया घालवणं माझ्याच्यानं होत नाही, म्हणून आजपासून लिहिते. हिशोबाची वही वेगळी आहे. तिच्यात मनातलं लिहायला गेलं की बेरीज चुकते.

आमच्या सुनेला, तनुजाला, नवं काम मिळालं. ती घरी बसून वेबसाइटी करते. समाजाच्या वधू-वर मंडळाची साइट फार जुनी झाली आहे. फोनवर उघडली की अक्षरं एकमेकांवर चढतात आणि मुलाचं शिक्षण मुलीच्या उंचीत घुसतं. मंडळाचे चिटणीस दयानंद मास्तर सकाळी येऊन सांगून गेले, "येळवशीच्या आत करून दे माय. त्या दिवशी सगळे पाव्हणे रानात एका जागी जेवायला बसतेत. तिथंच फोन काढतेत आन् स्थळं बघतेत."

येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या, यंदा तीस तारखेला, सोमवारी. दुसऱ्या दिवशी पौष लागतो. मग महिनाभर लग्नाचं नाव काढायची सोय नाही.

तनुजा पहिल्यापासून सगळं नव्यानं लिहायला बसली. मला ते बघवेना. म्हणलं, "नांदेडच्या बॅनरवाल्याला करून दिलीस ती साइट एवढी देखणी हाय. तिच्यातलंच घे की."

ती साइट खरंच देखणी आहे. कुणी वारलं की घरचे लोक फोटो पाठवतात, आणि तिच्यावर त्या माणसाचं पान होतं. काळी चौकट, झेंडूचा हार, खाली पुण्यस्मरणाची तिथी. कुठल्याही फोनवर बघा, चौकटीत चेहरा बरोबर मधोमध बसतो, डोकं कापलं जात नाही. नांदेडचा माणूस गेल्यावर जेवढा नीट दिसतो तेवढा जिवंतपणी दिसला नसेल.

तनुजा म्हणाली, "आत्या, साइटीत दोन गोष्टी असतेत. एक मजकूर, आन् एक त्याच्या अंगावरचे कपडे. कपड्यांचे नियम वेगळे लिहून ठेवतेत, त्याला स्टाइलशीट म्हणतेत. चौकट कसली, नाव केवढं, रंग कोणता, सगळं त्याच्यात."

"मग तेवढंच उचल."

"तसं उचलता येत न्हाई."

"का? तूच लिहिलंस न्हवं? चोरी थोडीच हाय?"

ती हसली. सून हसली की समजावं, आपलं म्हणणं तिला पटलेलं नाही.

शुक्रवार, २० डिसेंबर

पटलं म्हणायचं. नांदेडचे नियम लातूरला आणायला तिनं सुरुवात केली. पण रीत बघा. एक नियम आणायचा. आणला की त्याच नावाचा दुसरा कुणी इथं आधीपासून आहे का ते शोधायचं. मग त्याचं नाव बदलायचं. मग साइटीची एक तालमीची प्रत केली आहे, तिच्यात लावून बघायचं. खरी साइट तोवर जुनीच चालू. तालमीतलं पसंत पडलं की हिरवं बटण दाबायचं, म्हणजे तालमीतलं खऱ्यावर चढतं.

मी विचारलं, "नाव कशाला बदलायचं?"

"नांदेडला फोटोच्या नियमाचं नाव मी 'फोटो' ठेवलंय. इथंबी 'फोटो' नावाचा एक हाय. दोघं एका घरात आले की मागून आलेल्याचं चालतं, आधीचा गप बसतो."

"म्हंजी आपल्याच घरासारखं."

ती कॉम्प्युटरकडं बघत राहिली. मग मीच म्हणलं, "माझंबी नाव बदललं की. नांदेडची कस्तुरा मी. तांदळाच्या ताटात अंगठीनं 'उज्ज्वला' लिहिलं आन् काम झालं. तुला म्हणलं तर तू ठाम नको म्हणालीस. आता ह्या गरीब नियमाचं बरं बदलायलीस."

"त्याला विचारलं असतं तर त्योबी नकोच म्हणला असता, आत्या."

आमचे हे पेपरामागं होते. पेपर हलला.

पण एकेक नियम आणायचा, पारखायचा, नाव द्यायचं, यात दिवस जातो आणि कॉम्प्युटरला वीज लागते. मी म्हणलं, "एकेक दाणा आणायला नांदेडला जातीस काय? पोतंच उचलून आण, घरी बसून निवड." तूर मी अशीच निवडते. ती म्हणाली, पोत्यात खडेबी येतेत. मी म्हणलं, निवडायचं म्हंजी खडेच काढायचे असतेत.

सोमवार, २३ डिसेंबर

पोतं आणलं. तालमीच्या प्रतीत नांदेडचे सगळे नियम ओतून ठेवले आहेत आणि ती त्यातून निवडत आहे. मुलींची पानं झाली. त्यांच्या फोटोच्या नियमाचं नाव आता 'लातूर-वधू-फोटो'. चौकट सोनेरी, हार काढला, रंग परत आले. पोरी काय उठून दिसतात. मुलांची पानं आता घ्यायची.

मुलांमध्ये आमचे मन्मथभाऊजी आहेत. ह्यांचे धाकटे भाऊ. वय छत्तीस, बी.ए., आडतीवर सोयाबीन आणि तुरीचे सौदे करतात. व्यसन नाही. सण सोडला तर सोमवार माझ्यासारखाच धरतात. पण मुलगी समोर आली की जीभ टाळ्याला चिकटते. उदगीरच्या मुलीनं आवड काय म्हणून विचारलं तर म्हणाले, "सोयाबीन." त्या आधीच्या ठिकाणी तेवढंही बोलले नव्हते.

आता धर्माबादचं स्थळ आहे. बसलिंगप्पा म्हणून मिरचीचे व्यापारी आहेत, त्यांची मालविका. शाळेत शिकवते. त्यांचा निरोप आला की नवी साइट झाली की येळवशीला रानात सगळी भावकी बसून मुलाची माहिती बघू, मग कळवू.

संध्याकाळी भाऊजी म्हणाले, "वैनी, हे शेवटचं. हे जमलं न्हाई तर माझं पान काढून टाका तिथून. लोकांनी दरसाल तेच तोंड किती वेळा बघायचं."

एरवी ते कधी असं बोलत नाहीत. मला रात्रीचं जेवण गेलं नाही, म्हणजे एक भाकरी कमी गेली.

गुरुवार, २६ डिसेंबर

विहीणबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अलीकडं आलं. तनुजाला शनिवारी नांदेडला जावं लागणार.

ती म्हणाली, "मुलांची पानं राहिलीत. तालमीत पोतं तसंच हाय, निवडलेलं न्हाई. मी सोमवारी संध्याकाळी येते, मंगळवारी चढवते. येळवशीला जुनी साइट चालू द्या."

"मंगळवारी पौष लागतो."

"साइटीला पौष नसतो, आत्या."

"लग्नाला असतो."

मास्तरांना तिनं फोन करून सांगितलं. ते बरं म्हणाले, पण ज्या आवाजात म्हणाले तो बरा नव्हता. फोन ठेवून तनुजानं मला बजावलं, कॉम्प्युटरला हात लावू नका. मी कशाला लावते. पुसायला तेवढा लावते.

रविवार, २९ डिसेंबर

आज महिन्याची शिवरात्र. सकाळी सिद्धेश्वराला जाऊन आले. देवळातच मास्तर भेटले. तोंड उतरलेलं. "साठ-सत्तर घरांना सांगून बसलोय ताई, येळवशीला नवी साइट बघा म्हणून. धर्माबादच्यांनी तर दोनदा विचारलं."

घरी आले तरी ते डोक्यातून जाईना. उद्या अवस. अवसेला नवं काही उघडत नाहीत. परवा पौष. म्हणजे दिवस उरला तो आजचाच, आणि आज शिवरात्र. देवानं एवढं समोर आणून ठेवल्यावर माणसानं हात आखडता घ्यावा का?

तनुजाला फोन केला, उचलला नाही. ऑपरेशनच्या खोलीबाहेर असेल.

हिरवं बटण मला माहीत होतं. मी कॉम्प्युटर पुसला, हळदकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली आणि शंभो म्हणून बटण दाबलं. एक गोल फिरलं आणि थांबलं. मग मुलांचं पान उघडून बघितलं.

चष्म्याच्या काडीला बांधलेला दोरा सुटला होता, त्यामुळं अक्षरं लागली नाहीत. पण फोटो दिसले. काय सांगावं, मन भरून आलं. पोरीनं काम अर्धवट राहिलं म्हणून सांगितलं होतं, तिच्या नजरेला कमीच दिसत असणार. प्रत्येक मुलाला चौकट, आणि प्रत्येकाच्या गळ्यात ठसठशीत झेंडूची माळ. नवरदेवच ते, माळ हवीच. रंग तेवढे नव्हते, सगळे काळेपांढरे. मला वाटतं वीज कमी लागावी म्हणून केलं असेल. सून हळूहळू माझ्या वळणावर येत आहे.

मास्तरांना कळवलं. ते म्हणाले, लई उपकार झाले. त्यांनी सगळ्यांना पाठवूनही दिलं. त्यांचा फोन साधा, बटणांचा. मुलगा त्यांच्यासाठी पाठवापाठवी करतो. तो पाठवतो, उघडून बघत नाही.

सोमवार, ३० डिसेंबर, येळवस

लिहू का नको असं झालं होतं. लिहिते.

सकाळी रानात गेलो. कडब्याची कोपी झाली, आतल्या पांडवांची पूजा झाली, पिकावर आंबील शिंपून झालं. भाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे वाढायला घेतले होते. शेजारच्या रानातला एक म्हातारा बांधावरून चालत आला. उपरणं डोक्यावरून काढलं, मन्मथभाऊजींसमोर उभा राहिला आणि त्यांना वरून खालपर्यंत बघून म्हणाला, "तुम्ही तर हितंच हाव."

भाऊजी म्हणाले, "हाव. बसा, जेवा."

"जेवायचंच हाय का?" म्हातारा म्हणाला. "म्हंजी, चालतंय न्हवं आज तुमच्या घरी?"

मग ह्यांचा फोन वाजला, मग भाऊजींचा, मग परत ह्यांचा. हदगावहून सरजाआक्का, आमची मोठी नणंद, रडत होती. भाऊजींनी स्वतः फोन घेतला, "आक्का, मी मन्मथ बोलतोय," तर ती जास्तच रडायला लागली. तिला वाटलं कुणी चेष्टा करायलंय.

ह्यांनी फोनवर साइट काढून माझ्यापुढं धरली. आज दोरा बांधलेला होता. सगळं वाचता आलं.

वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली माळ घातलेले आमचे भाऊजी. त्याखाली 'कै. मन्मथ'. शिक्षण बी.ए. व्यवसाय आडत. मंगळ नाही. अपेक्षा, मनमिळाऊ व घरकामाची आवड असणारी. त्याखाली पुढचा मुलगा, तोही कै. मी बोटानं वर सरकवत गेले. अख्खं मंडळ कै. होतं. मुलींचं पान उघडलं, तर त्या सगळ्या रंगीत, सोनेरी चौकटीत हसत बसलेल्या.

हे म्हणाले, "पोरीच वाचल्या."

तनुजाचा फोन आला. ती ओरडेल म्हणून मी तयार होते. ती हळू आवाजात म्हणाली, "आत्या, कॉम्प्युटरला कुंकू लावलं का?"

"थोडंच."

ती म्हणाली, आईपाशी मावशी आहे, मी बॅनरवाल्याच्या दुकानात जाते, जुनी साइट ठेवलेली आहे, ती आधी परत लावते. भज्जी गार व्हायच्या आत लावली. म्हणाली, आता इथंच बसून मुलांचे नियम एकेक निवडते, नावं बदलते, आणि एकेक फोन घेऊन बघितल्याशिवाय चढवत नाही.

पण जे व्हायचं ते झालंच होतं. लातूर, नांदेड सगळं रानात होतं आणि सगळ्यांच्या हातात फोन होते. धर्माबादच्या भावकीनं काय बघितलं असेल हे मनात आलं आणि मी आंबिलीचा पेला खाली ठेवला. भाऊजी कोपीच्या सावलीला खाली मान घालून बसले. मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात त्यांना परत फोन आला. नंबर बघितला आणि उठून बांधावर गेले. मी ताट घेऊन मागं गेले, म्हणून एका बाजूचं ऐकू आलं.

"हाव, मीच... न्हाई, अजून तरी न्हाई... आंबील पिऊन राहिलो... हाव, इथं वर रेंज बरी हाय."

मग भाऊजी हसले. फोनवर हसताना मी त्यांना कधी बघितलेलं नाही. मी विचारलं, कोण होतं. म्हणाले, "धर्माबादच्या बाजारातून होतं, वैनी. तुरीचं विचारत होते."

येळवशीलाही माणसांना भाव सुचतो. धर्माबादच म्हणायचं.

मंगळवार, ३१ डिसेंबर

सरजाआक्का सकाळच्या एसटीनं आली. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून येताना भाकरी, पिठलं आणि ठेचा बांधून आणला होता. दारातून आत आली तर भाऊजी बशीत चहा ओतत होते. तिनं आधी त्यांना पोटाशी धरलं, मग पाठीत एक रट्टा दिला.

"जिवंत हाईस तर फोनवर नीट बोलता येईना का?"

"मी बोललो की, आक्का."

"ते काय बोलणं होतं? मेलेला माणूसबी त्याच्यापेक्षा बरा बोलतो."

भाकरी वाया जाऊ दिल्या नाहीत. दोन्ही वेळेला त्याच पुरल्या, गॅस वाचला.

दुपारी मास्तर आले, तेव्हा तनुजाही परत आली होती. मास्तर ओट्यावर बसले आणि पाणी घेतल्याशिवाय सुरू झाले. "सकाळपासून बापलोकांचे फोन. एक विचारतो, पोरांचीच साथ आली होती काय? एकाच्या होणाऱ्या सासऱ्यानं सुतक धरलं, ते सोडवावं लागलं. औशाचा एक मुलगा म्हणतो, फोटो चांगला आलाय, राहू द्या."

तनुजा म्हणाली, "चूक माझी हाय, मास्तर. निवडायच्या आधी पोतं आणायचं नव्हतं. आन् बटण उघडं ठेवून जायचं नव्हतं."

मी म्हणलं, "बटण मी दाबलं."

"का हो ताई?" मास्तर म्हणाले.

"आज पौष लागला. काल अवस होती. परवा शिवरात्र होती."

मास्तर विचार करायला लागले. त्यांच्या देवघरात पंचांग असतं हे मला माहीत आहे. शेवटी म्हणाले, "दिवस बरोबर धरला तुम्ही. बघितलं न्हाई एवढंच."

आता सगळी मुलं जिवंत आहेत, निळ्या चौकटीत. तनुजानं मला आणि ह्यांना तालमीच्या प्रतीत बसवून दाखवलं. नियमाचं नाव बदललं नाही की काय होतं ते. कै. आणि श्रद्धांजली मजकुरात नसतात म्हणे, नियमच ती नावाला चिकटवतो. मला माझ्या नावाआधी कै. दिसलं. हे म्हणाले, हारात तू फार सुंदर दिसतीस.

पण धर्माबादहून शब्द नाही.

शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

आला. बसलिंगप्पांनी ह्यांना फोन केला. हे फोन माझ्याकडं सरकवून पाणी प्यायला गेले.

"ताई, राग मानू नका," ते म्हणाले. "चूक समजली, मशीनची हाय, सगळं समजलं. पण ज्याच्या फोटोला हार पडला त्याला मुलगी द्यायला माझं मन घेईना. आन् तुम्ही म्हणता काढला, माझ्या फोनवर अजून तसाच हाय."

तनुजा शेजारी होती. ती कुजबुजली, त्यांच्या फोननं जुने नियम साठवून ठेवलेत, ते पुसावं लागतं. मी हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "फोनच सोडायला तयार न्हाई म्हंजी बघा."

सिद्धेश्वराचं नाव घेतलं आणि तोंडातून निघालं, "आण्णा, मेल्याची खोटी बातमी उठली की त्या माणसाचं आयुष्य वाढतं, हे तुमच्या घरी म्हणतेत का न्हाई?"

"म्हणतेत."

"मग दुसरीकडं मुलगी द्याल, त्या मुलाचं आयुष्य किती हाय तुम्हाला काय ठावं? आमच्या भाऊजींचं वाढलेलं हाय. ते अख्ख्या दोन जिल्ह्यांनी बघितलंय."

ते म्हणाले, "पौष जाऊ द्या. विचार करतो."

नाही म्हणाले नाहीत. एवढंच हातात आहे. ही गोष्ट मास्तरांना सांगितली, तर ते आता प्रत्येक बापाला हेच सांगत आहेत. म्हणे दुसऱ्या कुठल्याच मंडळात आयुष्य वाढवून मिळत नाही.

रविवार, १२ जानेवारी

पौष कडक पाळला जात आहे. ह्या घरात लग्नाचा शब्द निघालेला नाही. मी निघू दिला नाही.

भाऊजींचं एक बरं झालं. धर्माबादच्या स्थळाचं त्यांनी मनाला लावून घेतलं नाही, धंद्यात लक्ष घातलं. तो येळवशीचा धर्माबादचा व्यापारी रोज संध्याकाळी फोन करतो. भाऊजी गच्चीवर जातात. काल मी वाळलेले पापड काढायला गेले तेव्हा ऐकलं. तुरीचा भाव पडला आहे असं ते परवाच म्हणत होते, तरी फोनवर हसत होते. व्यापाऱ्याला जेवलात का म्हणून विचारलं. उदगीरला काय झालं तेही सांगितलं, सोयाबीनसकट. ओळख वाढवायची असेल तर माणसानं असं मोकळं बोलावं लागतं. आता दाढीही रोज करतात, बाजारात जायचं नसलं तरी.

मी ह्यांना म्हणलं, "एवढं लक्ष आधी घातलं असतं तर आडत स्वतःची झाली असती."

हे म्हणाले, "सौदा मोठा हाय. घाई करून चालत न्हाई."

तनुजा खाली बघून कणीक मळत होती. फार पातळ झाली कणीक. ती एरवी असं करत नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

परवा संक्रांत झाली. आज बसलिंगप्पांचा फोन. स्वतःहून.

"ताई, हार गेला."

"कुठला?"

"माझ्या फोनवरचा. संक्रांतीला मुलगी तिळगूळ द्यायला आली, फोन मागितला, काहीतरी केलं आन् परत दिला. बघतो तर मुलगा रंगीत. तिला म्हणलं, काय केलंस. म्हणली, काही न्हाई आप्पा, जुनं साठलेलं पुसलं. आन् ताई, फोन माझाच हाय, पण मला तिनं तेच पान उघडून दिलं. दुसरं न्हाई."

मी म्हणलं, "आण्णा, पौष हाय. मी काही ऐकलं न्हाई."

ते म्हणाले, "मीबी काही बोललो न्हाई. माघात या."

फोन ठेवला आणि देवासमोर बसले. कुणाची कोण ती मुलगी. हजार मुलांतून तिच्या बोटाखाली आमचंच पान यावं, हा देवाचा हात नाही तर काय. तनुजाला सांगितलं. ती म्हणाली, "हाव आत्या, वरून रेंज चांगली आली." तिची चेष्टा मला नेहमी कळते असं नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

धर्माबादहून आताच परतलो. हात धुतले आणि लिहायला बसले.

मी रस्ताभर भाऊजींना शिकवत होते. काय विचारलं तर काय सांगायचं, सोयाबीन म्हणायचं नाही, पायाकडं बघायचं नाही. ते हो म्हणत खिडकीबाहेर बघत होते. घाम नव्हता. मला वाटलं, भीतीच्या पलीकडं गेले.

बसलिंगप्पांचं घर मिरचीच्या वासाचं, पण टापटीप. बैठकीत आम्ही, आतल्या दारात बायका. बोलणं झालं, पत्रिका झाली, मग बसलिंगप्पा म्हणाले, "दोघांना बोलू द्या थोडं." दोघं मागच्या अंगणात गेले.

ह्यांनी पाय लांब केले असतील नसतील, तोवर दोघं परत. एवढ्यात काय बोलणं होतंय? आजवर तीन ठिकाणी असंच झालं होतं, दोन मिनिटांत परत आणि आठ दिवसांनी नकार. बसलिंगप्पांचाही चेहरा पडला. ते म्हणाले, "झालं?"

मालविका म्हणाली, "झालं, आप्पा. विचारायचं काही उरलं न्हाई."

विचारायचं काही उरलं नाही म्हणजे काय, ते मला कळेना. भाऊजी जमिनीकडं बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. मला वाटलं संपलं. आता ते साइटीवरचं पान काढायला सांगतील, आणि मीच धरलेल्या मुहूर्तानं हे असं झालं, हे मरेपर्यंत माझ्या डोक्यातून जाणार नाही.

मग मालविकानं चहाचा ट्रे आणला. तेव्हा आठवलं की भाऊजी वर्षभरापासून चहात साखर घेत नाहीत, डॉक्टरांनी बंद केली आहे, आणि हे आधी सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. आता मुलीकडच्यांपुढं चहा परत कसा करायचा? मी उठणार, तेवढ्यात तिनं कडेचा एक कप उचलला आणि त्यांच्यासमोर ठेवला. म्हणाली, "ह्याच्यात साखर न्हाई."

मी बघतच राहिले. बसलिंगप्पाही बघत होते. हे छताकडं.

बसलिंगप्पांनी मुलीकडं बघितलं, मग भाऊजींकडं, मग आपल्या फोनकडं. आणि हसायला लागले. हसत हसत ह्यांना म्हणाले, "शेषेराव, तारीख काढा. आम्हालाच उशीर झाला म्हणायचं."

उशीर कसला, पौष परवाच सरला. पण मी वाद घातला नाही. तारीख फाल्गुनात धरली.

परतताना मी ह्यांना विचारलं, हिला साखरेचं कळलं कसं. हे म्हणाले, "तुझ्या सिद्धेश्वरालाच विचार." भाऊजी पुढच्या सीटवर होते. फोनवर त्या व्यापाऱ्याशीच बोलत असावेत, सौदा झाला, सौदा झाला म्हणत होते. एका दिवसात दोन कामं.

मी सगळीकडून विचार केला. कुणी सांगितलेलं नाही, कुठं लिहिलेलं नाही, तरी सगळ्यांच्या चहात साखर आणि एकट्या त्यांच्याच कपात नाही. देवानंच सुचवलं तिला, दुसरं काय. उद्या सोमवार आहे. सिद्धेश्वराला साखर वाहीन म्हणते. पावशेर पुरे.